पुढचे पुस्तक, पुढची मालिका: आवडीचे कपाट, ग्रंथपालाशी बोलणे की यंत्राची यादी?

बऱ्याच ग्रंथालयांत शिरल्याबरोबर दर्शनी भागात एक छोटे कपाट दिसते आणि त्यावर ‘आमच्या कर्मचाऱ्यांची आवड’ अशा अर्थाची पाटी असते. तिथल्या प्रत्येक पुस्तकात चार-पाच ओळींची चिठ्ठी खोचलेली असते, खाली लिहिणाऱ्याचे नाव असते, आणि अलीकडे त्याच कपाटात चित्रपटांच्या, मालिकांच्या व माहितीपटांच्या तबकड्या किंवा ग्रंथालयाच्या सभासदत्वावर घरबसल्या पाहता येणाऱ्या कार्यक्रमांची यादीही ठेवलेली असते. कपाटापासून पाच पावलांवर देवघेवीचे टेबल असते, जिथे त्या चिठ्ठ्या लिहिणारी माणसेच बसलेली असतात. आणि वाचकाच्या हातातल्या फोनवर तिसरी यादी तयारच असते, जी त्याने आजवर काय वाचले आणि काय पाहिले यावरून यंत्राने बनवलेली असते. पुढे काय वाचावे किंवा पाहावे हे ठरवू पाहणाऱ्याने या तिघांपैकी कोणाचे ऐकावे, हा या लेखाचा विषय आहे.

माझे मत आधीच नोंदवते, म्हणजे पुढचे वाचताना ते विचारात घेता येईल. आवड आणि शिफारस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कपाटावरची चिठ्ठी ही आवड असते, म्हणजे ती लिहिणाऱ्या माणसाविषयी काही सांगते. टेबलाशी झालेल्या बोलण्यातून निघते ती शिफारस, आणि तिचा आधार समोरचा वाचक असतो. दोन्ही मोलाच्या आहेत, पण एकीकडून दुसरीची अपेक्षा केली की निराशा पदरी पडते, आणि ‘ग्रंथपालाने सुचवलेले पुस्तक मला अजिबात आवडले नाही’ या तक्रारीच्या मुळाशी बहुतेक वेळा हीच गल्लत असते.

चिठ्ठी लावलेले कपाट

या कपाटाचा पहिला गुण असा की ते वाचकाकडून काहीच मागत नाही. आपल्याला काय हवे आहे हे शब्दांत सांगण्याची गरज नाही, कोणाची वेळ घेण्याचा संकोच नाही, आणि उचललेले पुस्तक दोन पाने चाळून परत ठेवले तरी कोणाला वाईट वाटण्याचा प्रश्न नाही. शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ साली मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांत ‘प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक’ या दुसऱ्या सूत्रानंतर लगेच ‘प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक’ हे तिसरे सूत्र येते, आणि आवडीचे कपाट मुख्यतः या तिसऱ्या सूत्राचे काम करते. वर्गीकरणाच्या क्रमाने, फक्त कणा दिसेल अशी लावलेली हजारो पुस्तके लेखकाचे किंवा पुस्तकाचे नाव आधीच ठाऊक असणाऱ्यालाच सापडतात. त्यांतले एखादे काढून, मुखपृष्ठ समोर करून आणि चार ओळी लिहून ठेवले, की ज्याला त्या पुस्तकाचे अस्तित्वच माहीत नव्हते अशा माणसाच्या हाती ते पडू शकते. ज्याला काय हवे तेच माहीत नाही, त्याच्यासाठी म्हणूनच हे कपाट इतर कोणत्याही मार्गापेक्षा सरस ठरते.

मात्र चिठ्ठी चिठ्ठीत मोठे अंतर असते. ‘अप्रतिम! एका बैठकीत वाचून संपवले, प्रत्येकाने वाचायलाच हवे’ अशी चिठ्ठी लिहिणाऱ्याचा आनंद पोहोचवते, पण निवड करणाऱ्याच्या हाती काहीच देत नाही. ‘पहिली साठ पाने संथ आहेत, त्यांत घराचे आणि घरातल्या माणसांचेच वर्णन आहे, त्यानंतर घटना वेग घेतात, शेवट मोकळा सोडलेला आहे आणि ज्यांना प्रत्येक प्रश्नाचे उत्तर हवे असते त्यांना रुखरुख लागेल’ अशी चिठ्ठी मात्र वाचकाला स्वतः ठरवू देते. पहिल्या चिठ्ठीत फक्त स्तुती आहे. दुसरीत वेग आहे, पार्श्वभूमी आहे, शेवटाचा प्रकार आहे, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे हे पुस्तक कोणासाठी नाही याचा प्रामाणिक उल्लेख आहे. माझ्या दृष्टीने कपाटाची परीक्षा याच एका गोष्टीवर करावी: ‘कोणाला आवडणार नाही’ हे सांगणाऱ्या चिठ्ठ्या त्यात किती आहेत ते पाहावे. एकही नसेल, तर ते कपाट उत्साहाने सजवलेले आहे इतकेच समजावे आणि मुखपृष्ठावर व पहिल्या पानावर विसंबून निवड करावी.

दुसरी परीक्षा नावांची आहे. सगळ्या चिठ्ठ्यांखाली दोन-तीनच नावे असतील आणि त्या व्यक्ती साधारण एकाच वयाच्या व एकाच प्रकारचे वाचन करणाऱ्या असतील, तर कपाट कितीही भरगच्च दिसले तरी त्याचा आवाका लहान असतो. उलट कपाटावर संदर्भ विभागात काम करणारी, बालविभाग सांभाळणारी, पुस्तकांची दुरुस्ती करणारी आणि रात्रपाळीत दालन बंद करणारी व्यक्तीही लिहीत असेल, तर तिथे खरी विविधता सापडते. पाच-सहा भेटींत एखादे नाव आपल्याशी जुळते असे लक्षात येते, आणि मग वाचक पुस्तकाऐवजी ते नाव शोधू लागतो. अमेरिकेतील ओरेगन राज्याच्या मल्टनोमा काउंटी ग्रंथालयाने २०१४ साली सुरू केलेल्या सेवेची कल्पना नेमकी हीच होती: संकेतस्थळावर ग्रंथपालांची छायाचित्रे आणि त्यांच्या आवडीनिवडी द्यायच्या आणि कोणाला विचारायचे ते वाचकाने निवडायचे. कपाटाचा सर्वांत चांगला उपयोग मला हाच वाटतो, कारण जुळणारे नाव अनेक वर्षे कामी येते.

एका कर्मचाऱ्याची आवड आणि अनेकांच्या मतांतून निघालेली यादी यांतही फरक करायला हवा. लायब्ररीरीड्स या उपक्रमात अमेरिकेतील सार्वजनिक ग्रंथालयांचे कर्मचारी २०१३ पासून दर महिन्याला नव्याने येणाऱ्या पुस्तकांपैकी आपल्या पसंतीची नावे सुचवतात आणि त्यांतून दहा पुस्तकांची यादी तयार होते. एकाच माणसाच्या लहरीपेक्षा अशी यादी अधिक भरवशाची असते, कारण त्या नावांवर अनेकांचे एकमत झालेले असते. पण एकमताचा तोटाही तिच्याबरोबर येतो. जे पुस्तक पुष्कळांना बरे वाटते ते वर चढते आणि जे थोड्यांना जिवापाड आवडते ते मागे राहते. शिवाय यादी नव्या पुस्तकांची असल्यामुळे त्यांच्यासाठी नावनोंदणीची रांग लागते, आणि आज घरी काय न्यायचे या प्रश्नाला तिच्याकडे बहुधा उत्तर नसते. कपाटावरचे जुने पुस्तक समोर उभे असते आणि लगेच नेता येते, ही गोष्ट छोटी वाटली तरी निर्णयाच्या वेळी फार मोठी ठरते.

टेबलापलीकडची व्यक्ती

ग्रंथपालाने वाचकाशी बोलून त्याच्या निवडीत मदत करावी ही कल्पना नवी नाही. अमेरिकेतील वूस्टर शहराच्या ग्रंथालयातील सॅम्युएल ग्रीन यांनी १८७६ साली ग्रंथपाल आणि वाचक यांच्यातील व्यक्तिगत संबंधांवर निबंध मांडला आणि वाचकांत मिसळणे, त्यांच्या प्रश्नांना उत्तरे देणे व पुस्तक निवडायला साहाय्य करणे ही ग्रंथपालाची कामे आहेत असे सांगितले. पण ‘साहाय्य’ म्हणजे नेमके काय, याची उपयोगी भाषा बरीच उशिरा तयार झाली. जॉइस सॅरिक्स आणि नॅन्सी ब्राउन या अमेरिकी ग्रंथपालांनी १९८९ साली असा विचार मांडला की वाचकाला पुस्तक का भावते हे विषयावरून फारसे कळत नाही. ते कळते वेगावरून, पात्रांच्या रंगवण्यावरून, कथानकाच्या घडणीवरून आणि ज्या चौकटीत सगळे घडते तिच्यावरून. पुढे यात पुस्तकाची मनःस्थिती आणि लेखनशैली यांचीही भर पडली.

हे कागदावर कोरडे वाटते, पण टेबलाशी त्याचा अर्थ फार जिवंत असतो. एखादा वाचक येऊन ‘मला रहस्यकथा आवडतात’ असे सांगतो. विषयावर चालणारा मनुष्य त्याला रहस्यकथांच्या मांडणीकडे नेईल. पुस्तक का भावते याच्या या भाषेची जाण असलेला ग्रंथपाल मात्र त्याला शेवटचे आवडलेले एक पुस्तक आठवायला सांगेल आणि त्याविषयी बोलते करील. वाचक बोलू लागतो तेव्हा कळते की खून आणि तपास यांविषयी त्याला फारसे काही म्हणायचे नाही. तो बोलतो आहे ते बंद घराविषयी, एकमेकांपासून काही लपवणाऱ्या भावंडांविषयी आणि हळूहळू उलगडत जाणाऱ्या जुन्या गोष्टींविषयी. अशा वाचकाला पुढची रहस्यकथा देण्यापेक्षा एखादी कौटुंबिक कादंबरी किंवा एखादे आत्मचरित्र दिले तर ते जास्त जवळचे वाटण्याची शक्यता असते. कपाट हे करू शकत नाही, कारण कपाटाला ऐकता येत नाही. आणि यंत्रही हे सहसा करत नाही, कारण त्याच्यापुढे वाचकाने काय निवडले याची नोंद असते, का निवडले याची नसते.

मी स्वतः देवघेवीच्या टेबलावर काम करत असताना या बाबतीत एक चूक केली होती आणि ती अजून विसरलेले नाही. एका वाचक बाईंनी ‘मन गुंतून राहील असे काहीतरी द्या’ असे सांगितले. मी एक शब्दही न विचारता माझी त्या काळातली सर्वांत लाडकी कादंबरी त्यांच्या हाती दिली, जिच्या केंद्रस्थानी एका आईचा मृत्यू होता. तिसऱ्या दिवशी त्यांनी ती शांतपणे परत केली, आणि त्यांच्या घरात नुकतेच काय घडले होते ते मला नंतर कळले. कादंबरी चांगलीच होती. मी दिली होती ती माझी आवड, आणि त्यांनी मागितली होती शिफारस. ‘सध्या कसले पुस्तक नको आहे?’ हा एकच प्रश्न मी विचारला असता तर त्या तीन दिवसांचा त्रास टळला असता. तेव्हापासून मला वाटते की आवडीपेक्षा नावड आधी विचारावी, आणि वाचकानेही ती आपणहून आधी सांगावी.

या मार्गाचे दोष लपवण्यात अर्थ नाही. तो माणसावर अवलंबून आहे, आणि सगळेच कर्मचारी यात तयार नसतात. टेबलाशी रांग लागलेली असताना कोणाशीही दहा मिनिटे बोलता येत नाही. काही वाचकांना आपल्या वाचनाविषयी अनोळखी व्यक्तीशी बोलणे नकोसे वाटते, विशेषतः आजारपण, नातेसंबंध किंवा श्रद्धा यांविषयी वाचायचे असेल तेव्हा. गोपनीयतेची जाणीव या व्यवसायात जुनी आहे. अमेरिकन ग्रंथालय संघाच्या १९३९ च्या आचारसंहितेत वाचकांशी आलेल्या संपर्कातून कळलेली खासगी माहिती गुप्त ठेवणे हे ग्रंथपालाचे कर्तव्य म्हटलेले आहे. तरीही संकोच हा संकोच असतो आणि त्याचा मान राखायलाच हवा.

आणखी एक लक्षण पाहण्यासारखे आहे. जाणता ग्रंथपाल एकच पुस्तक हाती देऊन ‘हे वाचाच’ असे म्हणत नाही. तो तीन-चार पुस्तके काढतो, प्रत्येकाविषयी एकेक वाक्य सांगतो आणि बाजूला होतो, म्हणजे वाचकाला नको असलेले तिथेच ठेवून जाणे सोपे होते. टेबलावरची व्यक्ती तुमचे ऐकून घेण्याआधीच स्वतःचे लाडके पुस्तक पुढे करू लागली, तर कपाटच बोलू लागले आहे असे समजावे आणि चिठ्ठीइतकेच वजन त्या बोलण्याला द्यावे.

लिहून विचारणे

काही ग्रंथालये बोलण्याऐवजी लेखी अर्ज घेतात. आवडलेली व नावडलेली पुस्तके, सध्याची मनःस्थिती, नको असलेले विषय अशी माहिती वाचक भरतो आणि काही दिवसांनी एखादा कर्मचारी त्याच्यासाठी खास यादी पाठवतो. ब्रुकलिनच्या सार्वजनिक ग्रंथालयाची अशी सेवा परिचित आहे. संकोची वाचकासाठी आणि ज्याला आपले म्हणणे लिहिताना जास्त नीट सुचते त्याच्यासाठी हा मार्ग उत्तम आहे, कारण दोन्ही बाजूंना विचाराला वेळ मिळतो आणि कर्मचारी स्वतःला ठाऊक नसलेल्या विषयात सहकाऱ्यालाही विचारू शकतो. उणीव एवढीच की उलट प्रश्न विचारण्याची सोय नसते. ‘मला विनोदी आवडते’ या वाक्यातला विनोद नेमका कोणत्या जातीचा, हे अर्जावरून कळत नाही. म्हणून अर्ज भरताना नुसती नावे लिहू नयेत. प्रत्येक नावापुढे ‘काय आवडले’ याचे एक वाक्य लिहावे. त्या एका वाक्याने यादीचा दर्जा बदलतो.

यंत्राची यादी

यंत्राने काढलेल्या यादीला नावे ठेवण्याची एक सवय वाचनप्रेमींमध्ये आहे आणि ती मला अन्यायकारक वाटते. ‘ज्यांनी हे घेतले त्यांनी तेही घेतले’ या तत्त्वावरची पद्धत अॅमेझॉनने १९९८ पासून वापरली, आणि ज्याला एकाच धाटणीचे पुढचे पुस्तक हवे आहे त्याचे काम ती जलद आणि चोख करते. एका लेखकाची दहा गुप्तहेर कादंबऱ्या संपवलेल्या वाचकाला अकरावी तशीच हवी असेल, तर त्यासाठी कोणाही ग्रंथपालाला दहा मिनिटे थांबवण्याची गरज नाही. यंत्र मध्यरात्रीही उत्तर देते, थकत नाही, आणि वाचकाच्या निवडीकडे भुवया उंचावून पाहत नाही.

त्याची मर्यादा कुठे सुरू होते हे नेटफ्लिक्सच्या स्पर्धेवरून नीट समजते. या कंपनीने २००६ साली जाहीर केले की प्रेक्षक एखाद्या चित्रपटाला किती तारे देईल याचा अंदाज त्यांच्या तेव्हाच्या पद्धतीपेक्षा १० टक्के अधिक अचूक करून दाखवणाऱ्याला १० लाख डॉलरचे बक्षीस मिळेल. ते बक्षीस २००९ मध्ये दिलेही गेले. पण जिंकलेली पूर्ण पद्धत कंपनीने प्रत्यक्षात राबवली नाही, कारण अचूकतेत पडणाऱ्या भरीच्या मानाने तिच्यासाठी लागणारे श्रम परवडणारे नव्हते, आणि तोपर्यंत प्रेक्षक टपालाने येणाऱ्या तबकड्यांकडून थेट पाहण्याकडे वळू लागले होते. पुढे २०१७ साली कंपनीने तारेच काढून टाकले आणि पसंत-नापसंत अशा अंगठ्याच्या दोन खुणा ठेवल्या. एखाद्या गंभीर माहितीपटाला पाच तारे देणारा माणूस थकल्या संध्याकाळी तो पाहायला बसतोच असे नाही. तारे हे आदराचे माप असते आणि रात्रीची निवड ही गरज असते, आणि या दोहोंमधले अंतर ओळखायला समोरच्याला विचारावे लागते.

दुसरा प्रश्न नोंदींचा आहे. त्याच स्पर्धेसाठी प्रेक्षकांची नावे वगळून प्रसिद्ध केलेल्या माहितीतून काही प्रेक्षकांची ओळख पटवता येते हे अरविंद नारायणन आणि विताली श्मातिकोव या संशोधकांनी दाखवून दिले, आणि २०१० साली कंपनीने नियोजित दुसरी स्पर्धा रद्द केली. चित्रपटांच्या बाबतीत ही चिंता त्याहूनही जुनी आहे. अमेरिकेत १९८७ साली सर्वोच्च न्यायालयासाठी नाव सुचवल्या गेलेल्या एका न्यायाधीशाने भाड्याने नेलेल्या चित्रफितींची यादी वृत्तपत्रात छापून आली, आणि १९८८ साली अशा नोंदींच्या संरक्षणासाठी तिथे स्वतंत्र कायदा झाला. माणूस काय पाहतो हे तो कोण आहे याच्या इतक्या जवळचे असते की त्याची नोंद कोणाकडे राहते, हा निवडीचाच एक भाग मानावा. कपाटावरची चिठ्ठी वाचणाऱ्याची नोंद कुठेच होत नाही.

वाचकांनी दिलेल्या ताऱ्यांच्या सरासरीविषयी फार लिहिण्याची गरज नाही. ती गर्दीचा कल सांगते. पुस्तकांच्या मालिकेचा तिसरा भाग वाचणारे बहुतेक पहिला आवडलेलेच असतात, त्यामुळे पुढच्या भागांची सरासरी फुगलेली दिसते. एवढे ध्यानात ठेवून ती पाहावी.

पुस्तक सुचवणे आणि मालिका सुचवणे

आता आवडीच्या कपाटात मालिका आणि चित्रपटही आले आहेत, आणि इथे निवडणाऱ्याने निराळा हिशेब करायला हवा. ताशी चाळीस पाने वाचणाऱ्याला तीनशे पानांची कादंबरी साडेसात तास घेते. पन्नास मिनिटांच्या आठ भागांचे एक पर्व सहा तास चाळीस मिनिटांचे होते, म्हणजे जवळपास तितकेच. पण मालिकेची तीन पर्वे असतील तर तोच आकडा वीस तासांवर जातो. चिठ्ठीवर ‘छान मालिका’ असे लिहिणाऱ्याने किती पर्वे, पूर्ण झाली आहे की अर्ध्यावर बंद पडली, आणि पहिले पर्व स्वतंत्रपणे संपते का, हे लिहिले नसेल तर टेबलाशी जाऊन विचारावेच. अर्धवट बंद पडलेल्या मालिकेचा चटका अर्धवट सोडलेल्या पुस्तकापेक्षा मोठा असतो, कारण पुस्तक आपण सोडलेले असते आणि मालिकेने आपल्याला सोडलेले असते.

सुचवण्याच्या कलेतला खरा फरक मात्र आणखी खोल आहे. ग्रंथपाल नॅन्सी पर्ल यांनी म्हटले आहे की वाचक पुस्तकात चार दारांनी शिरतो: कथा, पात्रे, स्थळकाळ आणि भाषा. एखाद्या वाचकाच्या लाडक्या पुस्तकावरून त्याला मालिका सुचवायची असेल, तर यातली पहिली तीन दारे पडद्याकडे सहज उघडतात. गुंतागुंतीच्या कथेची आवड असणाऱ्याला गुंतागुंतीची मालिका रुचते, माणसांत रमणाऱ्याला पात्रांच्या मालिकेत सोबत मिळते, आणि परक्या काळात हरवायला आवडणाऱ्याला वेशभूषा व वास्तू यांनी तो काळ उभा केलेला दिसतो. चौथे दार मात्र बहुतांशी बंद राहते. ज्याला वाक्याची लय, शब्दांची निवड आणि निवेदकाचा आवाज यांसाठी पुस्तक आवडते, त्याला त्याच कथेवरची मालिकासुद्धा पोकळ वाटू शकते, कारण ज्या गोष्टीसाठी तो आला होता ती पडद्यावर आलेलीच नसते. ‘हे पुस्तक आवडले असेल तर ही मालिका पाहा’ अशा जोड्या लावलेल्या चिठ्ठ्यांवर म्हणूनच सरसकट विसंबू नये. आपण त्या पुस्तकात कोणत्या दाराने शिरलो होतो हे आधी आठवावे. भाषेसाठी वाचणाऱ्या माणसाला पडद्यावरचे काही सुचवायचेच असेल, तर कथेच्या साम्यापेक्षा संवाद कसे लिहिले आहेत, निवेदन आहे का, दृश्ये किती शांतपणे पुढे सरकतात, हे विचारात घेणारी शिफारस हवी, आणि ती बोलल्याशिवाय मिळत नाही.

आणखी एक गोष्ट मालिकांच्या बाबतीतच येते. पुस्तक एकटा वाचतो, मालिका अनेकदा घरातली तीन-चार माणसे मिळून पाहतात. एकाच्या आवडीवर चालणारी यंत्राची यादी तिथे गोंधळते, कारण एकाच खात्यावर सगळ्यांच्या निवडी मिसळलेल्या असतात. अशा वेळी ‘आम्ही चौघे आहोत, एकाला हिंसा सहन होत नाही, एकीला संथ गोष्ट पाहवत नाही’ असे सांगून माणसाला विचारणे हाच मला सर्वांत खात्रीचा मार्ग वाटतो.

कोणी काय निवडावे

ज्याला काहीतरी नवे हवे आहे पण काय ते माहीत नाही, त्याने कपाटापाशी जावे, ‘कोणाला आवडणार नाही’ हे लिहिलेली चिठ्ठी शोधावी आणि नावे लक्षात ठेवावीत. ज्याला एक पुस्तक फार आवडले आणि तसेच दुसरे सापडत नाही, त्याने टेबलाशी जाऊन बोलावे, कारण ‘तसेच’ म्हणजे काय हे त्याला स्वतःलाच अजून उमगलेले नसते. दुःखातून, आजारातून किंवा वाचन तुटलेल्या काळातून जाणाऱ्याने कपाट टाळावे असे मी स्पष्टपणे सांगेन. तिथली पुस्तके कोणाला तरी अतिशय भावली म्हणून तिथे आली आहेत, आणि खूप भावणारे पुस्तक बऱ्याचदा दुखरेही असते. अशा वाचकाने बोलावे, बोलवत नसेल तर लिहून विचारावे. ठराविक धाटणीचे पुढचे हवे असणाऱ्याने खुशाल यंत्राची यादी वापरावी, मात्र वर्षातून दोन-तीनदा तरी कपाटावरून एक अनोळखी पुस्तक उचलावे, कारण त्याच त्या वळणावर फिरवत ठेवणे हा यंत्राचा स्वभाव आहे.

मार्ग कोणताही निवडला तरी सोडून देण्याची मुभा स्वतःला द्यावी. नॅन्सी पर्ल यांचा यासाठीचा नियम सोपा आहे: पन्नास पाने वाचून पाहावे आणि मन रमले नाही तर ठेवून द्यावे, वय पन्नासच्या पुढे असेल तर शंभरातून वय वजा करून उरतील तितकीच पाने वाचावीत. सत्तरीच्या वाचकाला तीस पाने पुरतात. मालिकेसाठी असा रूढ नियम नाही, पण सुचवणाऱ्याला ‘तुम्ही स्वतः कितव्या भागात गुंतलात?’ असे विचारले की पुरेसा अंदाज येतो. उत्तर ‘दुसऱ्या पर्वात’ असे आले, तर तितके तास द्यायची तयारी आहे का ते आधीच ठरवता येते.

आणि पुस्तक परत करताना एक गोष्ट जरूर करावी. ‘आवडले’ एवढ्या शब्दाचा सुचवणाऱ्याला समाधानापलीकडे फारसा उपयोग होत नाही, पण ‘एकशे दहाव्या पानापर्यंत गेलो, नंतर निवेदक बदलला आणि मी थांबलो’ हे वाक्य त्याला तुमच्याविषयी अर्ध्या तासाच्या बोलण्याइतके सांगून जाते. न आवडलेले पुस्तक गुपचूप परतीच्या पेटीत टाकण्याऐवजी ते टेबलावर ठेवून हे एक वाक्य सांगावे, म्हणजे पुढचे पुस्तक काढताना त्या कर्मचाऱ्याचा हात कोणत्या मांडणीकडे जायला हवा हे त्याला कळते.